तेल-तूप बंद केले, तरी ट्रायग्लिसराइड का वाढले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 44, नागपुरात बँकेत नोकरी, कामाचा बहुतेक वेळ खुर्चीवर. वडिलांना 52 व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. तपासणीत ट्रायग्लिसराइड 386 निघाले, तेव्हा घाबरून तेल, तूप, शेंगदाणे, अंडी, पोहे-तर्री, रविवारचे सावजी असे सगळे सोडले. आता सकाळी कोमट पाण्यात मध, नाश्त्याला टोस्ट किंवा बिस्किटे, दुपारी वरण-भात, चार वाजता संत्र्याचा ताजा रस आणि रात्री ‘हलके’ म्हणून पुन्हा वरण-भात. दोन महिन्यांनी आकडा 412. एकूण कोलेस्टेरॉल 228, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 34, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 112. उपाशीपोटी साखर 114, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.2. कंबर 101 सेंटीमीटर, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 1. डॉक्टरांनी फेनोफायब्रेट ही ट्रायग्लिसराइड उतरवणारी गोळी लिहून दिली आहे. चुकले कुठे, गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का, आणि वडिलांसारखे होईल का, हे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

पथ्य तुम्ही मनापासून पाळले आहे यात शंका नाही. पण जे सोडले त्याचा तुमच्या या आकड्याशी संबंध कमी होता, आणि त्याच्या जागी जे ताटात आले त्यानेच आकडा चढता ठेवला. माझ्या ओपीडीत हे वारंवार दिसते. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, आणि चरबी म्हणजे तेल, एवढेच आपल्या मनात पक्के बसलेले असते.

रात्रभर उपाशी राहून रक्त दिले की त्यात जे ट्रायग्लिसराइड दिसते, ते आदल्या दिवशीच्या तेलाचे नसते. जेवणातले तेल आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत बसून रक्तात येते आणि निरोगी माणसात काही तासांत साफ होते. उपाशीपोटी जे उरते ते मुख्यतः यकृताने तयार करून व्हीएलडीएल या कणांतून रक्तात सोडलेले असते. यकृताला त्याचा कच्चा माल दोन वाटांनी मिळतो. पोटाच्या घेरातली चरबी सतत थोडी थोडी विरघळून यकृताकडे येत असते, ही पहिली वाट. गरजेपेक्षा जास्त खाल्लेली साखर, मैदा आणि भात यांचे यकृत स्वतःच चरबीत रूपांतर करते, ही दुसरी. साखरेतला फ्रुक्टोज हा अर्धा भाग तर जवळजवळ थेट यकृतातच जातो.

या कणांतली चरबी उतरवून घेण्याचे काम रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवरचे लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर (एन्झाइम) करते. इन्सुलिन नीट काम करत नसेल तर ते मंदावते. म्हणजे तुमच्यासारख्या माणसात, जिथे कंबर वाढली आहे आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, तिथे एकीकडे यकृत जास्त चरबी रक्तात सोडते आणि दुसरीकडे ती उचलली जात नाही. फॅटी लिव्हर, 6.2 एचबीए1सी, कमी एचडीएल आणि 412 ट्रायग्लिसराइड हे तुमच्या रिपोर्टवर चार ठिकाणी छापलेले असले, तरी तो एकच आजार आहे. आणि तुम्ही एकटे नाही. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी अभ्यासाच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, जवळपास 30 टक्के लोकांचे ट्रायग्लिसराइड जास्त आणि 72 टक्के लोकांचे एचडीएल कमी आढळले होते. नुसते कोलेस्टेरॉल जास्त असणारे त्या मानाने थोडे, 14 टक्क्यांच्या आसपास. आपल्या लोकांचा दोष बहुतेक वेळा हाच असतो.

आता तुमचा रिपोर्ट पुन्हा वाचू. उपाशीपोटी 150 च्या खाली असेल तर ठीक, 150 ते 199 सीमेवर, 200 ते 499 जास्त, आणि 500 किंवा त्यापुढे फार जास्त. तुम्ही 412 कडे बघून घाबरलात. मला त्याहून जास्त काळजी वाटली ती तुमच्या एलडीएलची, कारण 112 बघून तुम्ही निश्चिंत झालात. बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढतात. 228 मधून 34 आणि 82 वजा करा, बरोबर 112 येतात. हे 1972 चे फ्रिडवाल्डचे सूत्र आहे आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की ते वापरायचे नसते, आकडा फसवतो. म्हणून तुमच्यासाठी त्या 112 ला काही अर्थ नाही.

त्याऐवजी एक साधी वजाबाकी करा, एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल. 228 वजा 34 म्हणजे 194. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. धमनीच्या भिंतीत घुसून तिथे थर साचवणारे जितके कण असतात, त्या सगळ्यांचे कोलेस्टेरॉल यात धरले जाते. ट्रायग्लिसराइडने भरलेल्या कणांचे उरलेसुरले अवशेषही त्यात येतात, आणि हृदयाला त्रास देतात ते हे अवशेषच. तुमच्या घराण्याचा इतिहास पाहता हे 130 च्या खाली असायला हवे. रिपोर्टवर कुठेतरी कोपऱ्यात ते छापलेलेही असेल. यापुढे 412 पेक्षा या 194 वर नजर ठेवा.

पथ्य बदलण्याआधी काही तपासण्या करून घ्या, कारण ट्रायग्लिसराइड वाढवणारी इतर कारणे सुटली तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. थायरॉइडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन, यकृतासाठी एसजीपीटी. चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइड, काही जुन्या बीटा-ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, ओलान्झापिनसारखी मानसिक आजारांवरची काही औषधे, स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनच्या गोळ्या, या सगळ्यांनी ट्रायग्लिसराइड वाढू शकते. कुठलीही गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका. गुडघेदुखीसाठी कुणाकडून बेनामी पुड्या घेत असाल तर तेही मोकळेपणाने सांगा, अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते.

रक्त देताना दहा-बारा तास उपाशी असा, साधे पाणी चालते. आदल्या रात्री नेहमीसारखे जेवा, दोन-तीन दिवस दारू नको. दिवाळीच्या फराळात, महालक्ष्मीच्या जेवणानंतर लगेच किंवा तापातून उठल्या उठल्या ही तपासणी करू नका. ट्रायग्लिसराइड दिवसागणिक वीस-तीस टक्के खालीवर होते, त्यामुळे 386 चे 412 झाले ही खरी वाढ असेलच असे नाही. पण दोन महिन्यांच्या कडक पथ्यानंतरही ते उतरले नाही हे नक्की.

ताटाकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत निम्मे औषध तिथेच आहे.

मोठा चमचाभर मधात जवळपास चार चहाचे चमचे साखर असते. कोमट पाण्याने ती कमी होत नाही. गुळाचा चहा, खडीसाखर यांचेही तेच, यकृताला त्यात फरक कळत नाही. ग्लासभर संत्र्याच्या रसात तीन-चार संत्री पिळली जातात. त्यातला चोथा गाळला जातो आणि साखर एका मिनिटात पोटात जाते. आपण संत्र्यांच्या गावात राहतो, संत्री सोडा असे मी कुणालाच सांगत नाही. मृग बहाराचे गोड संत्रे आले की सोलून, फोडीसकट, दिवसाला एक-दोन खावे. रस नको. उन्हाळ्यात रसवंतीवरचा उसाचा रस, लग्नातले कोल्ड्रिंक आणि साखर घातलेला आमरस यांनी मे-जूनमध्ये बिघडलेले रिपोर्ट मी दरवर्षी पाहतो. तहानेला ताक, लिंबूपाणी बिनसाखरेचे, माठातले पाणी.

टोस्ट आणि बिस्किटे म्हणजे मैदा, साखर आणि वनस्पती तूप. ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या बिस्किटातही मैदा असतोच. या टोस्टपेक्षा तुमची जुनी तर्री बरी होती, कारण तिच्यात हरभरे होते! नागपुरी तर्रीतले काळे हरभरे हा त्या प्लेटमधला सर्वांत चांगला पदार्थ. तुम्ही हरभरे सोडले आणि मैदा घेतला. आठवड्यात एखादा दिवस पोहे खायचे असतील तर पोहे अर्धी प्लेट, हरभरे दुप्पट, वरचा तेलाचा तवंग वाटीतच राहू द्या. इतर दिवशी मुगाचे धिरडे, मोड आलेली मटकी, दोन उकडलेली अंडी, किंवा दही आणि मूठभर शेंगदाणे.

दुपारी ज्वारीच्या एक-दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पालक-चणाडाळीची पातळ भाजी किंवा अंबाडी, घोळ, मेथी, जे बाजारात मिळेल ते, वर काकडी-मुळा आणि ताक. भात आवडत असेल तर लहान वाटी, शेवटी. बरेचजण भाकर सुरू केली म्हणजे पथ्य झाले असे समजून चार-चार भाकरी खातात. ज्वारीही पिष्टच आहे, तिचा फायदा तिच्या कोंड्यामुळे आणि त्यामुळे लवकर पोट भरते म्हणून. रात्री वरण-भातावर वरण-भात हे हलके जेवण नाही. भातावर वरण पातळ आणि भात ढीगभर, असे आपल्याकडे असते. ते उलट करा, आणि रात्रीचे जेवण आठच्या आत आटपता आले तर उत्तम.

उपवासाचे दोन शब्द सांगायलाच हवेत. साबुदाण्याची उसळ, बटाट्याचा चिवडा, शिंगाड्याचा शिरा, मग केळी आणि गोड चहा. एकादशी, चतुर्थी, सोमवार, आणि श्रावणात तर रोजचे काहीतरी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. श्रद्धेने उपवास करत असाल तर भगर थोडी, दही-ताक, शेंगदाणे, एखादे फळ एवढ्यावर करा. तसा उपवास शरीरालाही झेपतो.

तेलाबद्दल लोक मला टोकाचे विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल घरात पुरते. शेंगदाणा, करडई, मोहरी, जे चवीला रुचते ते. डालडा आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईतले आलूबोंडे मात्र टाळा, त्याचे कारण वेगळे आहे, पण हृदयासाठी ते कारण तितकेच गंभीर आहे. जवसाची चटणी आपल्या विदर्भाची, ती रोज खा. तिच्यात ओमेगा-3 च्या कुळातले अल्फा लिनोलेनिक आम्ल असते. शरीर त्याचे माशांतल्या ओमेगा-3 मध्ये फारच थोडे रूपांतर करते, म्हणून अन्न म्हणून उत्तम असली तरी चटणीला औषधाची जागा देऊ नका. मासे खात असाल तर बांगडा, तारलीसारखे समुद्री मासे आठवड्यातून दोनदा, तळून नव्हे, रस्सा करून.

वजन पाच ते दहा टक्के उतरले की ट्रायग्लिसराइड साधारण वीस टक्के उतरते, आणि माझ्या अनुभवात ज्यांच्या ताटात साखर आणि मैदा खूप होता त्यांचे त्याहून जास्त. तुमचे वजन 84 किलो असेल तर सहा-सात किलो उतरवायचे आहेत. हे तीन-चार महिन्यांचे काम आहे. काट्यापेक्षा कंबरेची पट्टी जास्त खरी बोलते. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

चालण्याबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्नायूतले लायपोप्रोटीन लायपेज व्यायामाने जागे होते आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून रविवारी फुटाळा तलावावर दोन तास आणि इतर दिवशी काहीच नाही, याचा ट्रायग्लिसराइडला फारसा उपयोग होत नाही. रोज अर्धा-पाऊण तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. अंबाझरी, सेमिनरी हिल्स, घराजवळचे मैदान, कुठेही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा पहाटे साडेपाचलाच निघा, नाहीतर घरात जिना चढा, उठाबशा काढा. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे फिरणे तर बँकेच्या आवारातही जमते.

दारूबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. घेत असाल तर हे ध्यानात ठेवा की दारूमुळे यकृत जास्त व्हीएलडीएल बनवते. काही माणसांत फक्त ती सोडल्यावर ट्रायग्लिसराइड निम्म्याहून खाली आलेले मी पाहिले आहे. महागडी असो की मोहाची, परिणाम तोच. आणि खर्रा. त्याने ट्रायग्लिसराइड किती वाढते हा मुद्दा गौण आहे. वडिलांना 52 व्या वर्षी अटॅक आलेल्या माणसाने तंबाखू कुठल्याही रूपात तोंडात धरू नये, एवढेच मला हात जोडून सांगायचे आहे.

आता गोळी. तुमच्या डॉक्टरांनी फेनोफायब्रेट दिले यात गैर काही नाही. ते ट्रायग्लिसराइड तीस ते पन्नास टक्के उतरवते. पण आकडा उतरणे आणि हार्ट अटॅक टळणे या दोन गोष्टी आपोआप एकमेकींच्या मागे येत नाहीत, हे गेल्या पंधरा वर्षांत मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले. 2010 च्या अकॉर्ड अभ्यासात मधुमेहींना स्टॅटिनच्या जोडीला फेनोफायब्रेट देऊन एकूण फायदा दिसला नाही. मग 2022 च्या प्रॉमिनंट अभ्यासात दहा हजारांहून अधिक मधुमेहींना पेमाफायब्रेट हे नवे औषध दिले गेले. ट्रायग्लिसराइड सुमारे 26 टक्क्यांनी घटले, हृदयविकाराचे झटके मात्र घटले नाहीत.

उलट, ज्या औषधाने अटॅक नक्की कमी होतात ते स्टॅटिन. ते प्रामुख्याने एलडीएल आणि नॉन-एचडीएल उतरवते आणि ट्रायग्लिसराइडही दहा ते तीस टक्के खाली आणते. तुमचे नॉन-एचडीएल 194, वडिलांचा इतिहास, साखर उंबरठ्यावर, कंबर 101, हे सगळे पाहता मी तुमच्या डॉक्टरांच्या जागी असतो तर स्टॅटिनचा विचार आधी केला असता. हे वाचून स्वतःच औषध बदलू नका. हा कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘माझे नॉन-एचडीएल 194 आहे, मला स्टॅटिन लागेल का?’ चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो. दोन्ही औषधे एकत्र द्यायची वेळ आली तर फेनोफायब्रेट चालते. त्याच गटातले जेमफायब्रोझिल मात्र स्टॅटिनबरोबर नको, त्याने स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. भारतात 2013 पासून मधुमेहींच्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी सारोग्लिटाझारही मिळते. तुम्हाला आज त्याची गरज दिसत नाही.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दुकानातून आणून खाण्याची हल्ली लाट आहे. नेहमीच्या एका कॅप्सूलमध्ये कामाचे ओमेगा-3 साधारण 300 मिलिग्रॅम असते, आणि ट्रायग्लिसराइड उतरवायला दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास लागते. म्हणजे रोज एक कॅप्सूल घेऊन फक्त पैसे जातात. माशांतल्या ओमेगा-3 चे ईपीए आणि डीएचए असे दोन प्रकार. शुद्ध ईपीए असलेल्या एका औषधाने 2018 च्या रिड्यूस-इट अभ्यासात हृदयाच्या घटना पाव हिश्शाने कमी झाल्या, पण 2020 च्या स्ट्रेंग्थ अभ्यासात ईपीए आणि डीएचए एकत्र देऊन फायदा मिळाला नाही. शिवाय मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका थोडा वाढतो. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांवर सोडा.

गोळी आयुष्यभर का, याचे उत्तर दोन भागांत आहे. ट्रायग्लिसराइडची गोळी पुष्कळदा सुटते. पथ्य, चालणे, वजन हे जमले की तीन महिन्यांत 412 चे 200 च्या आत येणे अशक्य नाही. स्टॅटिन सुरू झाले तर ते मात्र लांबची सोबत समजा, कारण ते आकड्यासाठी नसून धमन्यांसाठी असते. ते बंद केले की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पूर्ववत होते.

ट्रायग्लिसराइड 500 च्या पुढे गेले तर सगळा हिशोब बदलतो. तिथे हृदयाच्या आधी स्वादुपिंडाची काळजी करावी लागते, आणि 1000 च्या वर तर ती तातडीची होते. रक्त काढून नळी थोडा वेळ उभी ठेवली की वर दुधासारखा पांढरा थर दिसतो. अशा वेळी तेल-तूप खरोखरच जवळपास बंद करावे लागते, कारण तेव्हा कायलोमायक्रॉनच रक्तात साचलेले असतात. दारू पूर्ण बंद, साखर ताब्यात, आणि फायब्रेट (फेनोफायब्रेटच्या गटातले औषध) लगेच. तुमचे आजचे पथ्य त्या रुग्णाच्या पथ्यासारखे आहे, म्हणून ते तुम्हाला लागू पडले नाही. बेंबीच्या वर असह्य दुखणे, ते पाठीत जाणे आणि उलट्या, असे कधी झाले तर अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन पडून राहू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत लगेच पोहोचा आणि ट्रायग्लिसराइड जास्त असल्याचे आधी सांगा. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत ट्रायग्लिसराइड तसेही दुप्पट-तिप्पट होते, त्यामुळे घरातल्या कुणा तरुण मुलीचा आकडा आधीच जास्त असेल तर दिवस जाण्याआधी फिजिशियनला भेटलेले बरे. तिच्या चालू गोळ्याही तेव्हा बदलाव्या लागतात.

वडिलांसारखे होईल का, या प्रश्नाला मी ‘नाही’ असे उत्तर देऊ शकत नाही, पण धोका बराच कमी करता येतो हे खात्रीने सांगतो. बीपी मोजून घ्या, ते तुम्ही लिहिलेले नाही. चालताना छातीत जड वाटणे, धाप, डाव्या हाताला किंवा जबड्याला ओढ असे काही असेल तर आधी ईसीजी आणि तज्ज्ञांची भेट, पथ्य नंतर. तसे काही नसेल तर ताट आजच बदला, दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल करा, त्या वेळी एलडीएल प्रत्यक्ष मोजायला सांगा, आणि एचबीए1सी त्याच्या बरोबरच. भावंडे असतील तर त्यांनाही या महिन्यात सोबत घेऊन जा. वडील तेच आहेत, तेव्हा चाळिशीची वाट न पाहता त्यांची कंबर, बीपी, साखर आणि नॉन-एचडीएल एकदा कागदावर यायला हवे.